कोरा ठोका

बरणी आणायला गेलो होतो, बाकी काही नाही. चिनी मातीची मोठी बरणी, आतून पांढरी, गळ्याशी तपकिरी, रुख्माच्या माहेराहून आलेली. चार वर्षांपूर्वी आम्ही गोळीबार चौकामागचं जुनं घर बंद करून मुलाच्या नव्या घरी, नागपूरच्या दुसऱ्या टोकाला बेसाला राहायला आलो. सगळं सामान आलं, बरणी तेवढी राहिली. मागच्या मे महिन्यात रुख्माने कैऱ्या आणल्या आणि तिला बरणीची आठवण झाली.

"अजी, आयकता का? मोठी बरणी घेऊन या ना. प्लास्टिकच्या डब्यात माहं लोणचं नासते."

"चंदन आणीन ना उद्या."

"चंदनले बरणी कोणती अन् माठ कोणता, समजत नाही. तुमीच जा. सकाळच्यान जा, अन् ऊन चढायच्या आत वापस या."

चंदन आमचा मुलगा. कोराडीला वीज केंद्रात कामाला आहे, पहाटेच डबा घेऊन निघतो. त्याची बायको हर्षा घरी साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. तिने माझ्या खिशात कांदा घातला, ऊन लागू नये म्हणून.

"मामाजी, खिशातच राहू द्या. काढू नका."

"त्याईच्या खिशात कांदा ठेवला का ते भाकर शोधत फिरतीन," रुख्मा आतून म्हणाली.

नवतपा लागून तीन दिवस झाले होते. वर्षातले सगळ्यात तापलेले ते नऊ दिवस. आमच्या नागपुरात त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. लोक अंधाराला भितात. मी म्हणतो, भ्यायचं तर नवतप्यातल्या बारा वाजण्याला भ्यावं. अंधारात निदान किडे ओरडतात.

बस उशिरा आली. गल्लीत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि कुलूप गंजलं होतं. समोरच्या नत्थूजीने वाटीभर तेल आणून दिलं. नत्थूजी माझ्या वयाचा, माझ्यासारखाच विणकर. एके काळी ह्या गल्लीत तीस-पस्तीस हातमाग होते. आता एकही नाही. पोरं बँकेत गेली, कारखान्यात गेली, कोणी रिक्षा चालवतात. नत्थूजी एकटाच जुन्या घरात राहिला.

कुलूप उघडलं तसं त्याने आभाळाकडे पाहिलं.

"श्रावण, बाराच्या आत निंग गा. नाही जमलं त चार वाजेपर्यंत अंदरच राय. मधात दार उघडू नको."

"उन्हासाठी म्हणतो का?"

त्याने तेलाची वाटी उचलली.

"उन्हासाठीच म्हण," तो म्हणाला आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

बरणी शोधता शोधता बारा वाजलेच. ती माळ्यावर, पोत्यांच्या मागे होती. खाली उतरवली, पुसली आणि मधल्या खोलीत ठेवून तिच्या बाजूला बसलो. दार लावलेलंच होतं. कौलांच्या फटीतून उन्हाचे चार-पाच ठिपके जमिनीवर पडले होते. बंद घराचा वास येत होता, चुन्याचा, उंदरांचा, आणि त्याच्याखाली अजून एक, ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावायच्या खळीचा. भाताची पेज आंबल्यासारखा तो वास. माग जाऊन वीस वर्षं झाली, तरी भिंतींनी तो सोडला नव्हता.

ह्याच खोलीत आमचा माग होता. जमिनीत खड्डा असतो, विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो. माग विकला तेव्हा चंदनने खड्डा मुरूम टाकून बुजवला, वरून सिमेंट केलं. तेवढाच चौकोन बाकीच्या जमिनीपेक्षा काळसर दिसतो. मी त्या चौकोनापासून दोन हात लांब बसलो होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती आधी सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या घरची एक रीत होती. मागावरून उठायचं असेल तर विणकराने धोटा न फेकता, म्हणजे आडवा धागा न घालता, धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा एक ठोका नुसताच मारायचा. कोरा ठोका. विणतानाचा ठोका भरीव असतो, कोरा ठोका कोरडा वाजतो. चुलीपाशी बसलेल्या बाईला कळायचं, माणूस उठला, ताट वाढा. आणि आवाज नुसताच थांबला, कोरा ठोका आला नाही, तर समजायचं की धागा तुटलाय, जोडणं चालू आहे. तेव्हा कोणी हाक मारायची नाही. तुटलेला धागा शोधताना हाक मारली की हात हलतो.

मी तेरा वर्षांचा होतो. असाच नवतपा. बाप तापाने पडलेला, म्हणून माझी माय मागावर बसली होती. सणाची लुगडी द्यायची होती. आम्ही भावंडं बाहेरच्या खोलीत ओल्या पोत्यावर पडलो होतो. आतून ठोका चालू. मायचा हात चांगला होता, बापापेक्षाही. डावीकडची किनार ती जरा जास्तच घट्ट मारायची, त्यावरून बाजारात तिचं लुगडं ओळखू यायचं. बारा-साडेबाराला ठोका थांबला. कोरा ठोका आला नाही. बाप पडल्या पडल्या म्हणाला, धागा तुटला वाटते. आम्ही चूप राहिलो. अर्धा तास चूप राहिलो. मग बापाने मला पाणी घेऊन पाठवलं, तर माय कापडावर कपाळ टेकून बसली होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. अर्धा तास आधी गेलो असतो तर वाचली असती, असं डॉक्टरने बापाला सांगितलं. बापाने नंतर कधी कोणाला हाक मारली नाही असं झालं नाही. जरा कोणी गप्प बसलं की हाक.

त्याला त्या दिवशी त्रेसष्ट वर्षं झाली होती.

तर मी बरणीपाशी बसलो होतो. बाहेर लू वाहत होती, तीही हळूहळू थांबली. एवढी शांतता झाली की माझ्या कानातलं रक्त मला ऐकू यायला लागलं. मी शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते कानाने शिकलो. डोळ्यांत मोतीबिंदू आला, एकाचं ऑपरेशन झालं, दुसरा तसाच आहे, पण कान अजून शाबूत आहेत.

आधी ऐकू आला तो कूलर.

मला वाटलं शेजारचा असेल. पण आमच्या बेसाच्या कूलरचं एक पातं वाकडं आहे, दर फेरीला ते जाळीला टेकतं. घर्र-टिक. घर्र-टिक. चंदनने दोनदा पुठ्ठा लावून पाहिला, पुठ्ठा निघून येतो. तो टिक ऐकून मी ताठ बसलो. हा कूलर इथून बारा-तेरा किलोमीटरवर होता.

मग सरोता. कैरी फोडायचा सरोता आम्ही पाटावर ठेवतो. खच्. फोड बाजूला सारली. खच्. आणि दर खच् च्या आधी बांगड्यांचा एक हलका झटका. रुख्माचा उजवा खांदा दुखतो. हात उचलायच्या आधी ती तो झटकते. पन्नास वर्षं मी ह्या बाईच्या बाजूला जेवलो, झोपलो, भांडलो. खांदा झटकल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी रिकाम्या घरात बसून ऐकला.

मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही, खरं सांगतो. उलट मी भिंतीला पाठ टेकून ऐकत बसलो, जसा एखादा चांगल्या विणकराच्या दारात बसतो. स्टीलच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, तेही हळू, बाजूला कोणी झोपलं असेल अशा बेताने. बाजूला कोणीच नव्हतं, पण तिची सवय. माठात पाणी ओतलं, आधी पोकळ, मग भरत आलं तसा आवाज बारीक होत गेला, आणि बरोबर काठाशी थांबला. एक थेंब सांडला नाही. मिठाचा डबा उघडला. हाताला लागलेली हळद फडक्याने झटकली. बाई एकटी होती, कोणी पाहणारं नव्हतं, आणि तरी एकेक काम असं होत होतं की त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी आयुष्यभर लुगडी विणली, लोकांनी बोट लावून पाहिली, वा म्हटलं. हिचं विणणं रोज सकाळी सुरू होतं आणि रात्री आम्ही ते खाऊन, वापरून, मळवून संपवतो. त्याला कोणी बोट लावून पाहत नाही.

आणि मीच तिला गेल्या आठवड्यात म्हटलं होतं, किती आदळआपट करतेस वं, जरा चूप बस. हर्षालाही म्हटलं होतं, तुझं मशीन दुपारी बंद ठेवत जा. पोरगी सहा वार साडीला एका दमात फॉल लावते, मधे कुठे टाका अडखळत नाही. त्यावर मी असं बोललो.

हर्षाचं मशीन मात्र त्या वेळी ऐकू येत नव्हतं. जेवत असेल, असं वाटलं.

मग रुख्मा उठली. गुडघे वाजले. परात कमरेवर घेतली, ती बांगड्यांना लागली. आणि जिना. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. तिच्या पायातली जोडवी पायरीवर टेकतात, एक पाय घट्ट, दुसरा घासत. सातव्या पायरीवर थांबली, श्वास घेतला. पुन्हा चढली. गच्चीच्या दाराची कडी काढली. मीठ-हळद लावलेल्या फोडी वाळवायला नेल्या, हे मला समजलं. एवढ्या उन्हात काहून गेली, संध्याकाळी नेता आल्या असत्या, असंही मनात आलं. फोडी एकेक करून कापडावर मांडायला लागली. टप. टप. टप.

टप थांबलं.

परात पडली. पडून फिरली, फिरत फिरत खाली बसली, जशी परात बसते. आणि त्याच्यानंतर काही नाही.

आता माझी चूक ऐक. मी बसून राहिलो. परात निसटली असेल, उचलेल, असं मी स्वतःला म्हटलं. आवाज थांबला की धागा तुटला असेल, आता जोडेल, ही आमच्या हाडातली गोष्ट आहे. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो, तिचा हात हलू नये म्हणून. कितीतरी वेळ तसा बसलो. घर्र-टिक चालू होतं. मग तेही लांब लांब जात बंद झालं. उन्हाचे ठिपके जमिनीवरून सरकले. एक ठिपका त्या काळसर चौकोनाच्या काठावर आला.

आणि चौकोनाखालून ठोका वाजला.

एकच. कोरडा. सिमेंटच्या खालून, मुरमाच्या खालून, लाकडाचा. माझ्या तळपायांना तो समजला, कानांना नंतर. असा ठोका मी लहानपणी दिवसातून दहा वेळा ऐकला होता. कोरा ठोका होता तो.

खळीचा वास एकदम ताजा झाला, कोणीतरी ओला ताणा खोलीतून नेल्यासारखा.

मी कसा उठलो आठवत नाही. फोन काढताना खिशातला कांदा खाली पडून गडगडत गेला. चंदनने एक दोन तीन असे आकडे लावून दिले आहेत, दोनवर हर्षा आहे.

"हर्षा, कुठी आहेस तू?"

"प्रमोदिनीताईकडे, मामाजी. मागच्या गल्लीत. माप घेऊन राहिली. काहून?"

"घरी जा."

"काय झालं?"

"गच्चीवर जा बेटा. पळत जा. फोन बंद करू नको."

तिने मला पुढे काही विचारलं नाही. तुम्ही तिथे, गच्चीवरचं तुम्हाला काय माहीत, असं कोणीही विचारलं असतं. शिकलेली पोरगी आहे. तिने विचारलं नाही, पळाली. ह्यासाठी मी तिच्यापुढे जन्मभर मान खाली घालीन.

फोनमधून तिच्या चपला ऐकू येत होत्या. एक चप्पल सुटली, तिने ती तशीच सोडली. फाटक. किल्ली, दोनदा चुकली. मग घर्र-टिक, घर्र-टिक, खरोखरचं, फोनमधून. मग जिना, चौदा पायऱ्या, सातव्यावर ती थांबली नाही. दार.

"आत्याबाई… आत्याबाई वं… डोळे उघडा…"

मग ती लांबून, हळू म्हणाली, "मामाजी, श्वास आहे. मी पाणी आणतो… फोन ठेवतो आता."

दार उघडून बाहेर आलो. गल्ली पांढरी झाली होती. नत्थूजी त्याच्या उंबऱ्यात उभा होता, त्या उन्हात, दार उघडं टाकून.

"एकच ठोका होता ना?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. त्याने आपला दुपट्टा ओला करून माझ्या डोक्याला बांधला आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला झोपेतून उठवून आणलं.

दवाखान्यात तिला बर्फाच्या पिशव्या लावल्या होत्या. डॉक्टरीण म्हणाली, अजून पंधरा मिनिटं झाली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो. मी ते ऐकून जिन्यात जाऊन बसलो. चंदन कोराडीहून आला, त्याच्या शर्टावर राख होती. तो मला धरून बसला. मोठा माणूस, पण लहानपणी बसायचा तसा.

दुसऱ्या दिवशी रुख्मा बोलायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "रुख्मा, तू पाणी भरते ना, तुह्याच्यानं एक थेंब सांडत नाही. अन् झाकण इतकं हळू ठेवते. मी कधी म्हटलंच नाही तुले."

तिने हर्षाकडे पाहिलं.

"ऊन मले लागलं का याईले?"

हर्षा हसली, मग रडली. मग तिने मला बाहेर बोलावलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ती खालच्या आवाजात म्हणाली, "एक विचारू, मामाजी? आत्याबाईच्या तोंडावर कापड होतं. ओलं. थंड. म्हणून त्या वाचल्या, असं डॉक्टरीण म्हणते. पण गच्चीवर त पाणीच नोतं… अन् एवढ्या उन्हात ओलं कसं राहिलं?"

"कुठी आहे ते कापड?"

तिने पिशवीतून काढून दिलं. हातभर तुकडा. मी बोटांनी पाहिला. कोरं सूत, न धुतलेलं, खळ अजून अंगावर. आणि डावीकडची किनार घट्ट, जरा जास्तच घट्ट मारलेली.

मी तिला म्हटलं, जुनं असेल बेटा, घरात पडलं असेल. तिने मान डोलावली. तिला पटलं नाही, मला समजलं. कापड मी तिच्या पिशवीत परत ठेवलं, पण घरी गेल्यावर शोधलं तर ते नव्हतं.

रुख्मा घरी येऊन आता वर्ष होत आलं. चांगली आहे. मागाहून आणलेल्या त्याच बरणीत लोणचं घातलं, ह्या वर्षी जरा तिखट झालं. मी आता कोणाला चूप बसा म्हणत नाही. दुपारी दिवाणावर पडून ऐकतो. हर्षाचं मशीन, कूलर, नळ, पोळपाट. प्रत्येक आवाजाला मनातल्या मनात हात जोडतो. चंदन रात्री फाटक लावतो त्या कडीलाही.

मायच्या ठोक्याचा मी खूप विचार केला. हाक मारली नाही म्हणून ती गेली, आणि तिने मला हाक मारली म्हणून रुख्मा राहिली. एवढं मोठं मन तिचं. त्रेसष्ट वर्षं ती त्या खड्ड्यात बसून राहिली, कारण कोरा ठोका दिल्याशिवाय उठायचं नाही ही आमची रीत होती. आणि त्या दिवशी तिने तो दिला.

म्हणजे ती उठली.

हे मी घरात कोणाला बोललो नाही, तुलाच सांगतो. रुख्मा अजूनही दुपारी एकदा गच्चीवर जाते, मी कितीही नको म्हटलं तरी. मी खालून पायऱ्या मोजतो. जोडव्यांचा आवाज, एक पाय घट्ट, एक घासत. सातव्या पायरीवर ती श्वास घ्यायला थांबते.

ती थांबल्यावर, तिच्या मागच्या पायरीवर, अजून एक पाऊल पडतं. अनवाणी. आणि मग तेही थांबतं.